चन्नव्वाचा फोटो

मी या पेजवरच्या गोष्टी रोज वाचते. लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

हे घडलेलं आहे. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आणि ज्यांच्या हातून घडलं ते माझे मिस्टर आहेत, शिवराज. ते म्हणाले, लिही, पण नाव बदल.

मी नाही बदललं. नाव बदललं की लाज अर्धी होते.

अशा गोष्टींत रात्र असते, पाऊस असतो, अंधार असतो. आमच्या गोष्टीत यातलं काही नाही. भर दुपार होती. ऊन होतं.

दिवस मागच्या येळवशीचा. गाव ठाणाकुशनूर, तालुका औराद, जिल्हा बिदर.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या या सीमेवरच्या गावांत येळवशीला कुणी घरी थांबत नाही. सकाळीच आंबिलीचं मडकं, मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं सगळं डोक्यावर घेऊन अख्खा गाव शेताला जातो. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करायची, काळ्या आईची पूजा करायची, वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. शेतं माणसांनी भरून जातात.

आणि गावं... रिकामी होतात.

आमचा भालकीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. मी कॉम्प्युटरवर अल्बम लावते, हे फोटो काढतात. ड्रोन आहे, चांगले कॅमेरे आहेत. तरी ह्यांच्या मनात एक गोष्ट अडकून बसली होती. जुना, लाकडी, मोठा कॅमेरा. तीन पायांच्या घोडीवर उभा राहणारा, चामड्याचा भाता असलेला, ज्याच्या मागे काळ्या कापडात डोकं घालून बघतात तो.

मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघत बसायचे. म्हणायचे, "ज्योती, त्यातून एक फोटो काढला ना, माणूस त्यात खरंच बसल्यावानी वाटतंय बघ."

हैदराबादला एका दुकानात तसा कॅमेरा बघून आले. भाव ऐकून गप परत आले. दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मग नरसिंगनं सांगितलं. नरसिंग म्हणजे आमच्या शेजारचा बॅनर छापणारा. त्याची सासुरवाडी ठाणाकुशनूर. तो म्हणाला, "तिथं एक म्हातारी हाय, चन्नव्वा. नवरा फोटो काढायचा जुन्या काळात. त्याचा डबा अजून घरात पडून हाय. देऊन टाकंल की."

ह्यांनी जायला येळवशीचाच दिवस धरला.

मी म्हटलं, "अहो, सणाच्या दिवशी कामून? सगळे शेतात असतील."

"म्हणूनच," हे म्हणाले. "म्हातारीचे पाय चालत न्हाईत, ती घरीच असंल. पोरगा शेतात. पोरगा असला की मोबाईलवर भाव बघतोय."

मला ते आवडलं नाही. पण मी गाडीवर मागे बसले. हे मी आधीच सांगून ठेवते.

गावात शिरलो तेव्हा काहीच आवाज नव्हता. गिरणी बंद. हॉटेल बंद. दारांना कुलपं. कुत्रीसुद्धा मालकांमागे शेताला गेली होती. आमच्या गाडीचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता.

हे गाडी बंद करून खाली उतरले.

आणि मग ऐकू आलं... टक... टक... टक...

एका उघड्या दारातून येत होतं. मी ह्यांचा हात धरला.

आत एक म्हातारी खलबत्त्यात सुपारी कुटत बसली होती.

"कोण हाय?"

"आम्ही भालकीचे, आज्जी. नरसिंगनं सांगितलं होतं."

"फोटोवाले व्हय? या तम्मा, या. ये गं पोरी. सगळे शेताला गेल्यात. मीच राहिले घर राखत."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पण ती कुणाही पोराला तम्माच म्हणायची. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात एकही दात नाही, आणि डोळे इतके चमकदार की मला तिच्याकडं बघून हसूच आलं. तिचा मुलगा रविकुमार आणि सून जगदेवी पोरांना घेऊन सकाळीच शेताला गेले होते.

कॅमेरा फळीवर घोंगडीत गुंडाळलेला होता. ह्यांनी उतरवून अंगणात लिंबाखाली उभा केला.

मी ह्यांचा चेहरा ओळखते. पुन्हा पुन्हा लाकडावरून हात फिरवत होते. सागवान तसंच होतं. पितळेचं भिंग नुसतं पुसलं तर लखलखलं.

पण तोंडानं हे म्हणाले, "भाता फाटलाय, आज्जी. भिंगाला बुरशी धरलीय. चालतंय का न्हाई कुणाला ठाऊक. नुसता शोभेला ठेवावा लागंल."

भाता फाटला नव्हता. बुरशीही नव्हती.

मी खाली बघितलं.

चन्नव्वा म्हणाली, "ते तुमी बघा. काय द्यायचं ते द्या. माझं पैशाचं काय न्हाई. माझं एक काम करा फकस्त."

"काय?"

"ह्याच डब्यातून माझा एक फोटो काढा."

मग ती सांगू लागली. तिचे यजमान शिवय्या. ती त्यांना अय्या म्हणायची. औराद, संतपूर, कमालनगर, ह्या मुलखातला एक माणूस अय्यांनी सोडला नाही. नवरानवरी, नागवी बाळं, बैलजोड्या, बसवलेली प्रेतंसुद्धा. फक्त तिचा फोटो राहिला.

"म्हणायचे, तू तर घरातलीच, कधीबी काढीन. मग त्यांचे डोळे गेले. मग ते गेले." तिनं खुर्चीकडं बोट केलं. जुनी हाताची लाकडी खुर्ची होती. "ह्या खुर्चीवर अख्खा मुलूख बसला, पोरी. मी नुसती पुसली."

मी म्हटलं, "मोबाईलवर काढू का आज्जी? लगेच बघता येईल."

"त्यो नगं. आधार कार्डावर काढलाय की तसला. चोर धरल्यावानी दिसतेय."

आता मुख्य गोष्ट. अशा कॅमेऱ्यात फोटो काढायला मागे लाकडी चौकटीत काचेची प्लेट किंवा मोठी फिल्म घालावी लागते. आमच्याकडं काहीच नव्हतं. चौकट रिकामी होती.

मी वाट बघत होते की हे म्हणतील, आज्जी, आज फिल्म नाही, नंतर घेऊन येतो.

हे म्हणाले, "बसा आज्जी. काढतो."

मी हळूच म्हटलं, "अहो, आत तर काहीच नाही."

"गप बस. पोरगा यायच्या आत उरकू."

मी गप बसले.

एवढंच नाही. मी तिला तयार केलं. तिनं पेटीतून इरकल लुगडं काढायला लावलं, लग्नातलं, रुंद काठाचं. लिंबाच्या पाल्याचा वास येत होता त्याला. मी निऱ्या घातल्या. केस विंचरले, एवढासा अंबाडा बांधला. तिनं डबीतून नथ काढली आणि हातातच धरून राहिली.

"घालू का गं? माझ्यासारखीनं घालावं का?"

"घाला आज्जी. छान दिसेल."

माझ्या हातांनी घातली मी ती नथ. आत प्लेट नाही हे माहीत असताना.

ती खुर्चीवर बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर. ह्यांनी मला काळ्या कापडाखाली बोलावलं, "बघ तर."

मागे दुधी काच होती. तिच्यात लिंबाचं झाड, दार, खुर्ची आणि चन्नव्वा, सगळं उलटं. डोकं खाली, पाय वर. मी दचकले. हे हसले. म्हणाले, भिंगामुळं ह्या कॅमेऱ्यात सगळं असंच उलटं दिसतंय.

मग बाहेर येऊन ते तिला म्हणाले, "आता दम धरा. मी झालं म्हणेपर्यंत हलायचं न्हाई."

"न्हाई हलत."

ह्यांनी भिंगावरचं टोपण काढलं...

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. लग्नाच्या ऑर्डरवाले होते. ह्यांनी टोपण लावलं आणि बोलत बोलत गल्लीत गेले.

अंगणात मी आणि ती.

ती हलली नाही. तिच्या गालावर माशी बसली. पापणीसुद्धा लवली नाही.

मी म्हटलं, "झालं आज्जी."

तिनं ओठ न हलवता विचारलं, "हलू का?"

"हला की."

"तू न्हाई. त्यांनी म्हणायचं असतंय."

हे परत आले ते घाईतच. भाता मिटला, घोडी मिटली, कॅमेरा घोंगडीत गुंडाळला. म्हणाले, "फोटो धुऊन आणतो, आज्जी." झालं असं म्हणालेच नाहीत. मला ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

सगळं आवरलेलं बघून ती सावकाश उठली. आत गेली. सुनेनं तिच्यासाठी झाकून ठेवलेली भज्जी, उंडे आणि तांब्याभर आंबील घेऊन आली.

"येळवशीला आलेल्याला उपाशी धाडत न्हाईत."

तिच्या वाटणीचं आम्ही जेवलो. हे दोनदा वाढून घेऊन जेवले. निघताना ह्यांनी तिच्या हातावर जे ठेवलं, त्यात हैदराबादला त्या कॅमेऱ्याची घोडीसुद्धा आली नसती. तिनं न बघता पदराला बांधलं.

"येईल ना गं चांगला?" तिनं मला विचारलं.

"येईल आज्जी," मी म्हणाले.

कॅमेरा स्टुडिओत आला. ह्यांनी आठवडाभर त्याला पुसलं, तेल लावलं. गिऱ्हाईकं बघून चकित व्हायची. हे सांगायचे, "लई स्वस्तात पडला." मी आत अल्बम लावत बसायचे.

मग एका दुपारी लाईट गेली.

पंखा थांबला. कॉम्प्युटर बंद. स्टुडिओचं शटर अर्धं उघडं होतं, त्यातून उजेड येत होता. हे कापडात डोकं घालून भिंग पुढं-मागं करून बघत होते. समोर पासपोर्ट फोटोचं रिकामं स्टूल होतं.

ह्यांची हालचाल थांबली.



मग कापडाखालून ह्यांनी हाक मारली. असा आवाज मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता.

"ज्योती... स्टुलावर कोण बसलंय बघ."

मी बघितलं. "कुणी नाही."

"नीट बघ."

"अहो, कुणी नाही. स्टूल रिकामं आहे."

ते बाहेर आले. चेहरा पांढरा. त्यांनी मला नुसतं कापडाकडं बोट केलं.

मी आत डोकं घातलं.

काचेत स्टूल उलटं होतं. निळा पडदा उलटा. अर्धं शटर उलटं. सगळं जसं दिसायला हवं तसंच.

आणि मधोमध चन्नव्वा...

सरळ.

डोकं वर, पाय खाली. कशावरच न बसता बसलेली. हात गुडघ्यांवर. रुंद काठाचं इरकल, नाकात नथ, मी घातलेली. डोळे थेट माझ्याकडं. पापणी लवत नव्हती.

मला कुणीतरी दम रोखून धरल्यासारखं जाणवलं. अगदी जवळ. त्या कापडाच्या आत.

मग कानाशी आवाज आला.

"हलू का?"

मी कापड फेकून बाहेर आले. स्टूल रिकामं होतं.

मला पहिल्यांदा हेच वाटलं की म्हातारी गेली. ह्यांनी नरसिंगला शेजारून बोलावलं. त्यानं सासुरवाडीला फोन लावला. स्पीकरवर आम्ही सगळं ऐकलं.

चन्नव्वा जिवंत होती.

पण नरसिंगचा मेव्हणा म्हणाला, "म्हातारीचं काहीतरी बिनसलंय भाऊजी. येळवशीपासून तसंच. दिसभर अंगणात खुर्चीवर बसून असती, हात गुडघ्यावर ठिवून. जेवायलाबी उठंना झालीय. सून उठवाय गेली की म्हणती, थांब, अजून झालं न्हाई."

नरसिंगला त्यातलं काही कळलं नाही. आम्हा दोघांना कळलं.

हे म्हणाले, "उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी हळदीची ऑर्डर होती. नंतर लग्न. नंतर हे म्हणाले, फिल्म मिळू दे, मोकळ्या हातानं काय जायचं. खरं सांगायचं तर जायची लाज वाटत होती. काय सांगणार होतो? त्या दिवशी नाटक केलं म्हणून? आणि मी तरी कुठं रेटून धरलं. मी पण मनात म्हणत होते, नको, उद्या.

कॅमेऱ्यावर घोंगडी टाकून ठेवली होती. स्टुडिओत एकटं बसलं की कुणीतरी दम रोखून बसलंय असं वाटायचं. मी रेडिओ लावून ठेवायला लागले.

शेवटी मीच रडले एक दिवस. म्हटलं, "चला, न्हाईतर मी एकटी जाते आणि तिच्या पोराला सगळं सांगते."

ह्यांच्या ओळखीचा एक जण एक्स-रे काढायच्या ठिकाणी कामाला आहे. त्याच्याकडून एक्स-रेची कोरी फिल्म आणली. जुने कॅमेरेवाले तीच वापरतात आता. तांबड्या दिव्याखाली मापात कापली, चौकटीत घातली. मी स्वतः बघितलं. या वेळी चौकट भरलेली होती.

सकाळीच निघालो. गावात शिरलो तेव्हा भजनाचा आवाज येत होता. टाळ वाजत होते.

तिच्याच दारातून.

पहाटे गेली होती. खुर्चीवरच.

लिंगायतांत प्रेत आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, फुलांनी सजवून बसवतात. बसलेलंच मिरवत नेऊन बसलेलंच पुरतात. तिला अंगणात लिंबाखाली त्याच खुर्चीवर बसवलं होतं. मान सरळ राहावी म्हणून मागून कापडानं बांधली होती. साधं पांढरं लुगडं. डोळे मिटलेले.

रविकुमार आमच्याकडं आला. मला वाटलं, आता हा बोलणार.

तो म्हणाला, "बरं झालं आलात, अण्णा. आई म्हणायची, फोटोवाले येतील, मला उठवू नका. आता आमच्यासंगट तिचा एक काढा. त्याच डब्यातून काढा. लई जीव होता तिचा."

आणि त्यानं ह्यांचे हात हातात घेतले.

ह्यांनी कॅमेरा उभा केला. सगळं घर तिच्याभोवती उभं राहिलं. रविकुमार, जगदेवी, पोरं, भाऊबंद. हे कापडात गेले. बाहेर आले. खुर्चीकडं बघितलं. परत आत गेले. परत बाहेर आले.

मला म्हणाले, "तू बघ."

काचेत सगळे उलटे. रविकुमार उलटा, जगदेवी उलटी, झाड उलटं. खुर्चीवर माळा होत्या, हवेत लटकल्यासारख्या.

खुर्ची रिकामी होती.

मी बाहेर बघितलं. चन्नव्वा खुर्चीवर होती. काचेत बघितलं... नव्हती.

लोक बघत होते. मी ह्यांना नुसतं मान हलवून नाही म्हटलं. ह्यांनी चौकट घातली, टोपण काढलं. भजन थांबलं होतं. पानही हलत नव्हतं. मग टोपण लावलं.

आणि हे उभेच राहिले. मग म्हणाले, "झालं, आज्जी. हला आता."

लोकांना वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो.

त्याच क्षणी तिची मान पुढं कलली. सावकाश. दमलेल्या माणसाची कलते तशी.

कुणीतरी म्हणालं, गाठ सुटली. जगदेवीनं मागं जाऊन बघितलं. म्हणाली, "गाठ तर हाय की."

आम्ही मातीला थांबलो. मग घरी आलो.

फिल्म धुतली. त्यात अंगण होतं, झाड होतं, रडवेली माणसं होती. खुर्चीवर माळा होत्या. चन्नव्वा नव्हती. कॉम्प्युटरवर घेतलं, उजेड कमी-जास्त केला, मोठं केलं. खुर्चीच्या मागच्या पट्ट्या मोजता येतील इतकं स्पष्ट. ती नव्हती.

ह्यांनी मोठा प्रिंट काढला आणि टेबलावर ठेवून त्याच्यापुढं बसून राहिले. म्हणाले, "आता सांगून टाकू. सगळंच सांगून टाकू. कॅमेरा परत देऊ."

मी म्हटलं, "व्हय."

रविकुमार स्वतःच आला स्टुडिओत. हे उठले. "रविअण्णा, आधी बसा. मला तुम्हाला काहीतरी..."

रविकुमारचं लक्ष टेबलाकडं गेलं. त्यानं प्रिंट उचलला.



त्याचे डोळे भरले. त्यानं पालथ्या हातानं गाल पुसले.

"आई," तो म्हणाला. "अगदी आई. डोळे उघडे कसे आले हो अण्णा? हसायलीय."

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

त्याच वेळी नरसिंग आत आला. त्यानं रविकुमारच्या खांद्यावरून वाकून बघितलं. "लई भारी आलाय. नथ काय शोभायलीय म्हातारीला."

मी प्रिंटकडं बघितलं. खुर्ची. माळा. बाकी काही नाही.

ह्यांचं बोलणं तोंडातच राहिलं. काय सांगणार? फोटोत तुमची आई नाही, असं त्या रडणाऱ्या माणसाला सांगणार? रविकुमारनं वाकून ह्यांच्या पायाला हात लावला. ह्यांनी पाय मागं घेतले आणि भिंतीला टेकले.

कॅमेरा ह्यांनी त्याच्या गाडीत ठेवला. तो घेत नव्हता. "आईनं दिलेली वस्तू परत कशी घेऊ?" म्हणाला. शेवटी अय्यांची आठवण म्हणून घरात असू दे, एवढंच बोलून ह्यांनी बळंच दिला. खरं कारण आजही त्याला माहीत नाही.

त्यानंतर रविकुमारच्या घरच्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. फोटो ओसरीत लावला होता, चौकट करून, हार घालून. गावातल्या बायका येऊन बघत होत्या. एक म्हणाली, पापणी लवंल असं वाटतंय. दुसरी म्हणाली, फोटो असावा तर असा.

जगदेवीनं मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाली, "अक्का, एक विचारू? आम्ही अत्तीला पांढरं नेसवलं होतं. नथबी घातली नव्हती. फोटोत तर काठाचं इरकल हाय. हे कसं झालं?"

अत्ती म्हणजे सासू.

इरकल ती फक्त येळवशीच्या दुपारी नेसली होती. तेव्हा चौकटीत काही नव्हतं. तो फोटो निघालाच नव्हता.

आणि सगळ्यांना तोच दिसत होता. आम्ही दोघं सोडून.

मी फोटोपुढं जाऊन उभी राहिले. अगदी जवळ. खूप बघितलं. एकदा दिसू दे म्हटलं, मनातल्या मनात हात जोडले. खुर्ची रिकामीच होती. फोटोच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, त्या खुर्चीवर.

जगदेवी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. फोटोकडं बघत म्हणाली, "बघा की, कशी तुमच्याकडंच बघायलीय."

मी म्हटलं, "व्हय. लई छान आलाय."

ती मला हाताला धरून पानावर घेऊन गेली आणि आग्रह करून वाढायला लागली.

हे आता फक्त पासपोर्ट फोटो काढतात. लग्नांच्या ऑर्डरी सोडल्या. विचारलं तर म्हणतात, गुडघे दुखतात. आम्ही दोघं या विषयावर बोलत नाही. बोलायला गेलं की दोघांपैकी एक जण उठून जातो.

फोटो अजून तिथंच आहे, ओसरीत. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात आणि त्या घरी पाणी मागितलं, तर ती माणसं तुम्हाला आत बोलावतील, बसवतील, फोटो दाखवतील.

तुम्हाला ती दिसली, तर मला कळवू नका.